रागाची वेळ : एका संकेताचा इतिहास

महाराष्ट्रांत देवाला जागविण्याकरितां पहाटे जीं गीतें म्हणतात त्यांस भूपाळ्या म्हणतात. गणपतीची भूपाळी, रामाची भूपाळी, गंगेची भूपाळी अशा भूपाळ्यांनीं जुन्या घरांतील दिवस उजाडत असे. रागशास्त्राचें पुस्तक उघडावें तर भूपाली अथवा भूप हा राग रात्रीच्या पहिल्या प्रहरीं गावा असें तेथें सांगितलेलें आढळतें. नांव एक, आणि वेळा परस्परांच्या अगदीं विरुद्ध! इतकेंच नव्हे, षड्ज, ऋषभ, गांधार, पंचम व धैवत हे जे पांच शुद्ध स्वर भूपांत लागतात, तेच पांच स्वर देशकार नांवाच्या रागांत लागतात, आणि तो देशकार सकाळचा राग म्हणून प्रसिद्ध आहे. तेव्हां प्रश्न असा उत्पन्न होतो कीं, रागाची वेळ ही स्वरांत असते कीं ऐकणाराच्या सवयींत? ती निसर्गानें ठरविली कीं माणसानें?

हा प्रश्न केवळ पंडितांच्या वादाचा राहिलेला नाहीं. आज कोणत्याहि गवयाचा कोणताहि राग दिवसाच्या कोणत्याहि क्षणीं खिशांतील यंत्रांतून ऐकतां येतो. ज्या वर्धा जिल्ह्यांतल्या रसिकास चांगली मैफल ऐकावयाची तर एके काळीं नागपूरची वाट धरावी लागे, त्याला आतां घरबसल्या सगळें भांडार खुलें झालें आहे. भांडार खुलें झालें म्हणजे निवडीची अडचण येतेच. तरुण मंडळी विचारतात कीं, मन उदास असतां काय ऐकावें, पावसांत काय ऐकावें, अभ्यासाच्या वेळीं काय ऐकावें. अशा प्रश्नांचीं तयार उत्तरें औषधांच्या यादीसारखीं जिकडे तिकडे मिळतातहि. परंतु या याद्यांच्या मागें जो संकेत उभा आहे तो कोठून आला, कसकसा बदलला आणि आज त्यांतलें काय घ्यावें व काय सोडावें, हें पाहिल्यावांचून यादीचा उपयोग फारसा होत नाहीं. प्रस्तुत लेखांत तेवढेंच करावयाचें आहे.

प्रथम हें ध्यानांत घ्यावें कीं, गाण्याचा आणि रसाचा संबंध जितका जुना आहे तितका गाण्याचा आणि घड्याळाचा नाहीं. भरताच्या नाट्यशास्त्रांत कोणती जाति कोणत्या रसाला अनुकूल, हें सांगितलें आहे; नाटकांतील पात्राच्या प्रवेशास व प्रसंगास अनुसरून कोणतीं ध्रुवागीतें योजावीं याचाहि विचार आहे. परंतु अमुक गीत सकाळचें व अमुक रात्रीचें अशी आपल्या ओळखीची वांटणी तेथें दिसत नाहीं. भरताचें लक्ष रंगभूमीवर होतें, आणि रंगभूमीवर वेळ कथेची असते, प्रेक्षकांची नसते.

ऋतु आणि प्रहर यांचा पद्धतशीर निर्देश ज्या थोर ग्रंथांत आपणांस भेटतो, तो ग्रंथ महाराष्ट्राच्या भूमींत लिहिला गेला, ही गोष्ट आपल्यापैकीं पुष्कळांस ठाऊक नसते. शार्ङ्गदेवाचा ‘संगीतरत्नाकर’ तेराव्या शतकांत देवगिरीस, यादव राजा सिंघण याच्या आश्रयाखालीं, तयार झाला. सिंघणाचा काळ इ. स. १२१० ते १२४७ हा धरतात. शार्ङ्गदेवाचें घराणें मूळचें काश्मीरचें. त्याचा आजा भास्कर दक्षिणेंत येऊन राहिला. शार्ङ्गदेव स्वतः राजाच्या पदरीं हिशेबखात्याचा अधिकारी होता, आणि ग्रंथाची मांडणी पाहिली म्हणजे हिशेबनिसाची नीटनेटकी बुद्धि तिच्यांत पदोपदीं दिसते. ग्रामरागांचें वर्णन करतांना तो त्यांचे स्वर, मूर्च्छना, अलंकार देतो. त्याबरोबरच रागाची देवता, रस, ऋतु, प्रहर आणि नाटकाच्या कोणत्या संधींत तो योजावा, हेंहि सांगतो. येथें एक मर्म आहे. ऋतु आणि प्रहर हीं नाटकांतील विनियोगाच्या शेजारीं, एकाच यादींत बसलेलीं आहेत. यावरून माझें असें अनुमान आहे कीं, रागाची वेळ ही आरंभीं रागाच्या प्रयोगाविषयींची एक सूचना होती. तिला धर्माज्ञेचें स्वरूप पुढें आलें.

तें स्वरूप कसें आलें याचा मासला ‘संगीतमकरंद’ या नारदाच्या नांवावर चालणाऱ्या ग्रंथांत सांपडतो. त्याच्या काळाविषयीं विद्वानांत एकमत नाहीं. त्यांत सकाळचे, दुपारचे व सायंकाळचे राग वेगळे काढले आहेत आणि वेळ मोडून गाणारास दारिद्र्य येतें असा धाकहि घातला आहे. इतिहासाच्या अभ्यासकानें असा धाक पाहिला कीं त्याचा अर्थ उलटा लावावा. जो नियम सर्व लोक आपण होऊन पाळतात त्याला शापाचें कुंपण घालावें लागत नाहीं. ग्रंथकार रागावला आहे, तेव्हां त्याच्या काळीं कोणीतरी अवेळीं गात असला पाहिजे!

पंडितांच्या ग्रंथांत हें चाललें असतां सामान्य जनांचें घड्याळ निराळेंच चालू होतें, आणि तें अधिक जुनें असण्याचा संभव आहे. कल्याणीचा चालुक्य राजा तिसरा सोमेश्वर (इ. स. ११२६ ते ११३८) याच्या ‘मानसोल्लास’ ग्रंथांत महाराष्ट्रांतील स्त्रिया कांडण करतांना ओवी गातात असा उल्लेख आहे. कामाला वेळ असते, म्हणून कामाच्या गाण्यालाहि वेळ येते. जात्यावरची ओवी पहाटेची, कारण दळण पहाटे. काकड आरती त्याच वेळची, कारण देव तेव्हां उठतो. गोंधळ रात्रीचा, कारण जागर रात्रीं. आमच्या विदर्भांत भाद्रपदी पौर्णिमेपासून कोजागिरीपर्यंत मुली भुलाबाईचीं गाणीं म्हणतात. तीं चैत्रांत कोणी म्हणत नाहीं. भुलाबाई चैत्रांत म्हटल्यानें दारिद्र्य येतें असें कोणत्याहि आजीनें सांगितलेलें नाहीं. तें गाणें तेव्हां सुचतच नाहीं, एवढेंच. भूपाळी पहाटेची झाली ती याच मार्गानें. तिची वेळ देवाच्या दिनचर्येनें ठरविली. राग भूपाची वेळ गवयांच्या परंपरेनें ठरविली. दोन घड्याळें वेगळीं होतीं. म्हणून नांव एक असूनहि दोहोंचे कांटे जुळत नाहींत.

पुढें चित्रकार आणि कवि या व्यवहारांत शिरले. हनुमन्मताप्रमाणें सहा मूळ राग मानण्याची व त्यांस सहा ऋतु वांटून देण्याची चाल पडली : वसंतास हिंदोल, ग्रीष्मास दीपक, वर्षेस मेघ, शरदास भैरव, हेमंतास श्री आणि शिशिरास मालकंस. रागमालेचीं चित्रें राजस्थानांत, पहाडी संस्थानांत तशींच दख्खनमध्येंहि निघालीं. विजापूरचा दुसरा इब्राहीम आदिलशहा (कारकीर्द १५८० ते १६२७) तर स्वतः ‘किताब-इ-नवरस’ हा गेय पदांचा ग्रंथ करणारा रसिक होता. चित्रकाराला स्वर काढतां येत नाहीं. त्याला ढग, झोपाळा, फुललेला वृक्ष, दिवा हीं काढतां येतात. म्हणून रागाच्या भोंवतीं ऋतूचें चित्र घट्ट बसलें. तानसेनानें दीपक गाऊन दिवे लाविले आणि मेघानें ती आग विझविली, ही कथा याच चित्रमय कल्पनेची संतति होय. कथा म्हणून ती मोठी सुंदर आहे. पुरावा म्हणून तिची किंमत नाहीं.

आणि ही षड्ऋतूंची वांटणी व्यवहारांत कितपत टिकली? भैरव शरदाचा खरा. पण आज तो बारा महिने पहाटे गातात. मालकंस शिशिराचा, पण तो ज्येष्ठांतल्या मध्यरात्रींहि कोणास खटकत नाहीं. खऱ्या अर्थानें ऋतूशीं बांधलेले असे दोनच वर्ग उरले : वसंत-बहाराचा आणि मल्हाराचा. या रागांस त्यांच्या त्यांच्या ऋतूंत प्रहराचेंहि बंधन नसतें. उन्हाळा आणि थंडी यांस मात्र आपल्या गाण्यानें आपला असा राग फारसा ठेवला नाहीं. बहरणें आणि बरसणें या दोनच घटना गवयांच्या हृदयांत रुतून बसल्या.

अशा या पुष्कळशा विसंगत वारशास बुद्धीच्या कसोटीवर घासून पाहण्याचें काम पंडित विष्णु नारायण भातखंडे (१८६० ते १९३६) यांनीं केलें. मुंबईचे हे पदवीधर वकील. धंदा सोडून त्यांनीं हिंदुस्थानभर प्रवास केला, संस्थानिकांचीं पुस्तकालयें पाहिलीं, उस्तादांच्या चिजा लिहून घेतल्या, आणि ‘हिंदुस्थानी संगीत पद्धति’ हा चार भागांचा ग्रंथ मराठींत, गुरुशिष्यांच्या संवादरूपानें, लिहिला. त्यांनीं शापाची भाषा टाकून दिली आणि असें विचारलें कीं, गवई प्रत्यक्ष ज्या वेळा पाळतात त्यांच्या मागें कांहीं स्वरांचें सूत्र आहे काय?

तें सूत्र थोडक्यांत असें. दिवसाचे दोन भाग पाडावे : दुपारीं बारापासून रात्रीं बारापर्यंत एक, व रात्रीं बारापासून दुपारीं बारापर्यंत दुसरा. पहिल्या भागांतील रागांचा वादी स्वर सप्तकाच्या खालच्या अर्धांत, म्हणजे पूर्वांगांत, असतो. दुसऱ्या भागांतील रागांचा वरच्या अर्धांत, म्हणजे उत्तरांगांत. दिवस आणि रात्र जेथें एकमेकांस भेटतात त्या दोन संधिकाळीं कोमल ऋषभ आणि शुद्ध गांधार यांचे राग येतात. यांस संधिप्रकाश राग म्हणतात. त्यांच्या पाठोपाठ शुद्ध ऋषभ-धैवतांचे, आणि त्यांच्यानंतर कोमल गांधार-निषादांचे. हें चक्र चोवीस तासांत दोनदां फिरतें. सकाळच्या फेऱ्यांत शुद्ध मध्यमाचें प्राबल्य, सायंकाळच्या फेऱ्यांत तीव्र मध्यमाचें. म्हणून मध्यमाला त्यांनीं वाट दाखविणारा, अध्वदर्शक, स्वर म्हटलें. भूप आणि देशकार यांचें कोडें येथें सुटतें. भूपाचा वादी गांधार, तो पूर्वांगांतला. म्हणून भूप रात्रीचा. देशकाराचा वादी धैवत, तो उत्तरांगांतला. म्हणून देशकार सकाळचा. स्वर तेच, भार टाकण्याची जागा निराळी.

सूत्र मोठें देखणें आहे, पण त्याला अपवादहि आहेत. तोडी हा सकाळचा राग, आणि त्यांत तीव्र मध्यम ठळकपणें लागतो. भैरवी शास्त्रानें सकाळची. परंतु मैफल रात्रीं दहाला संपो कीं दोनला, महाराष्ट्रांत शेवट भैरवीनेंच होतो आणि श्रोत्यांस तें अवेळीं वाटत नाहीं. त्याहून मोठा साक्षीदार दक्षिणेंत आहे. आपल्या भूपाचेच पांच स्वर तिकडे मोहनम् या नांवानें गातात. पण कर्नाटक पद्धतीच्या कचेरींत प्रहराचें बंधन प्रायः पाळीत नाहींत. आणखी गंमत अशी कीं, आभोगी, हंसध्वनि यांसारखे राग दक्षिणेंतून उत्तरेंत आले तेव्हां ते वेळ बरोबर घेऊन आले नव्हते. येथें आल्यावर आपण त्यांस रात्रीची वेळ नेमून दिली. पाहुण्यास घरांत घेतलें कीं त्याला निजावयाची खोली दाखवावी तसें हें झालें! पश्चिमेकडे पाहिलें तर व्हिवाल्डीनें १७२५ सालीं प्रसिद्ध केलेल्या चार वाद्यरचनांत चार ऋतु रंगविले आहेत. पण त्यांतील वसंताची रचना हिंवाळ्यांत वाजवूं नये असें तिकडे कोणी म्हणत नाहीं. ते ऋतूचें वर्णन करतात. आपण ऋतूची सोबत मागतों.

तात्पर्य, रागाची वेळ ही भौतिक गुणासारखी स्वरांत भरलेली नाहीं. मग ती निव्वळ सवय, म्हणून टाकून द्यावी काय? तसेंहि नाहीं. शब्दाचा अर्थ तरी अक्षरांत कोठें असतो? ‘पाणी’ या अक्षरांत ओलावा नाहीं. तरीहि तहानलेल्या मराठी माणसास दुसरा शब्द चालत नाहीं. रागाची वेळ हा असाच भाषेसारखा संकेत आहे. पिढ्यान्‌पिढ्या गवयांनीं मारवा मावळतीला गाइला, श्रोत्यांनीं तो मावळतीला ऐकला, आणि त्या ऐकण्याचे थर रागावर बसत गेले. ते थर कोणा एकानें दिले नाहींत, म्हणून कोणा एकाला ते पुसतांहि येत नाहींत.

याचें उत्तम उदाहरण मारवा, पूरिया आणि सोहनी यांचें. तिघांचे स्वर तेच : ऋषभ कोमल, मध्यम तीव्र, पंचम नाहीं. पण मारवा सूर्यास्ताचा, पूरिया त्यानंतर दिवे लागल्यावरचा आणि सोहनी रात्र सरतांनाची. मारव्यांत षड्जावर विसांवा जवळ जवळ मिळतच नाहीं. ऋषभ-धैवतांवर मन टांगल्यासारखें राहतें. पूरिया खालीं मंद्र सप्तकांत उतरतो. सोहनी तार षड्जाकडे झेंप घेते. आमच्या वऱ्हाड-नागपुरास या मारव्याचा एक अभिमानाचा धागा आहे. मूर्तिजापुरास १९२० सालीं जन्मलेले आणि नागपुरांत शंकरराव सप्रे यांच्याकडे शिकलेले डॉ. वसंतराव देशपांडे यांनीं लाहोरास असदअली खाँ यांच्याकडून मारव्याची तालीम घेतली, आणि त्यांचा मारवा पुढें सगळ्या महाराष्ट्रानें ऐकला.

गेल्या दीडशें वर्षांत या संकेतास तीन धक्के बसले. पहिला रंगभूमीचा. अण्णासाहेब किर्लोस्करांचें ‘शाकुंतल’ ३१ ऑक्टोबर १८८० रोजीं पुण्यास रंगभूमीवर आलें, आणि तेव्हांपासून मराठी मध्यमवर्गानें राग ओळखावयास शिकावें तें नाटकाच्या पदांवरून. १९११ च्या ‘मानापमाना’ला गोविंदराव टेंब्यांनीं आणि १९१६ च्या ‘स्वयंवरा’ला भास्करबुवा बखल्यांनीं चाली दिल्या, आणि मैफलींतला राग घरांतल्या ओठांवर आला. नाटक रात्रींचें, त्यांत वेळ कथानकाची. सकाळचा राग रात्रीं ऐकावयाची आपल्या कानांस अशी सवय झाली.

दुसरा धक्का यंत्राचा. १९०२ सालीं कलकत्त्यास गौहरजान हिचा आवाज तबकडीवर उतरला, आणि तासभराचा राग तीन मिनिटांत मावूं लागला. अब्दुल करीम खाँसाहेबांची वसंताची तबकडी किंवा द. वि. पलुसकरांची श्रीरागाची तबकडी ऐकावी म्हणजे या तीन मिनिटांत किती राहूं शकतें हें कळतें. पण तबकडीवर वेळ लिहिलेली नव्हती, आणि असती तरी ती वाजविणारा वाचीत बसला नसता. या प्रवासाचें टोंक १९७७ सालीं गांठलें गेलें. गोमंतकांतील केरी गांवच्या केसरबाई केरकर यांच्या भैरवीचें जुनें ध्वनिमुद्रण अमेरिकेच्या व्हॉयेजर यानांवरील सुवर्णतबकडींत बसवून अंतराळांत धाडलें. जेथें पहाट नाहीं आणि रात्रहि नाहीं, तेथें आपली भैरवी चालली आहे!

तिसरी गोष्ट धक्का आणि आधार दोन्ही ठरली; ती आकाशवाणी. १९४८ सालीं नागपूर केंद्र सुरू झालें. नभोवाणीला दिवसाचे ठरलेले भाग असतात, म्हणून तिला प्रहरांचा नियम आयताच सोयीचा पडला. सकाळच्या सभेंत सकाळचे, दुपारच्या सभेंत सारंग-भीमपलासीचे, रात्रीं रात्रीचे असे राग ती लावी. ज्या कुटुंबांत कोणी तंबोरा धरला नव्हता तेथील बायकामुलांसहि तोडी म्हणजे शाळेच्या तयारीची वेळ आणि यमन म्हणजे दिवेलागण, एवढें तिनें शिकविलें. राजाश्रय गेल्यावर प्रहरांचें राखण तिनेंच केलें, असें म्हणावयास हरकत नाहीं.

वर्धा जिल्ह्यापुरतें बोलावयाचें तर आणखी एका घड्याळाची नोंद केली पाहिजे. १९३६ सालीं महात्मा गांधी शेगांवीं राहावयास आले. त्या गांवाचें पुढें सेवाग्राम झालें. आश्रमांत प्रार्थना दोन वेळां होई, पहाटे आणि सायंकाळीं. म्हणजे नेमकी दोन्ही संधिकाळांच्या आसपास. आश्रमाच्या भजनसंग्रहामागें पंडित विष्णु दिगंबर पलुसकरांचे शिष्य नारायण मोरेश्वर खरे यांचे कष्ट होते. १९३० च्या दांडीयात्रेंत ते चाललेहि होते. खरे १९३८ सालीं निवर्तले, पण त्यांनीं लाविलेली शिस्त प्रार्थनेंत राहिली. या प्रार्थनेचा हेतु कलेचा नव्हता. तरीहि दिवसाच्या दोन्ही कडांवर थांबून कांहीं ऐकावें, ही गोष्ट तिनें शेंकडों लोकांच्या अंगवळणीं पाडली. रागाच्या वेळेचें मूळहि या थांबण्यांतच आहे.

आतां मनःस्थितीचा प्रश्न. उदास मनानें काय ऐकावें? येथें भरताचा भेद उपयोगीं पडतो. आपल्या मनांतला शोक निराळा आणि करुण रस निराळा. शोक आपला असतो, खाजगी असतो. रस हा त्या शोकांतून आपलेपणाचा कांटा काढून टाकल्यावर उरणारा आस्वाद होय. म्हणून दुःखी माणसानें करुण राग ऐकला तर त्याचें दुःख वाढतें असें नाहीं. तें थोडें दूर उभें राहतें. ॲरिस्टॉटलनें शोकांत नाटकाविषयीं जें भावशुद्धीचें तत्त्व सांगितलें तेंहि याच्या जवळपास जातें. परंतु अमुक राग अमुक दुःखावर, असें चूर्णासारखें मोजून देतां येत नाहीं. एकाच भैरवींत भक्ति, विरह आणि निरोप तिन्ही मावतात. माझा सल्ला असा कीं, मनाकडे पाहून राग निवडूं नये. वेळेकडे पाहून निवडावा. मन चंचल आहे, त्याला आपल्याला काय हवें हें पुष्कळदां ठाऊक नसतें. वेळ मात्र खरी असते.

पहाटे ललत किंवा भैरव. न्याहारीनंतर तोडी किंवा जौनपुरी. दुपारीं वृंदावनी अथवा शुद्ध सारंग. उन्हें कलल्यावर भीमपलासी व त्यापुढें मुलतानी. मावळतीस मारवा, पूर्वी किंवा श्री. दिवेलागणीस यमन, मग भूप. जेवणानंतर बागेश्री, केदार, बिहाग. मध्यरात्रीं मालकंस आणि दरबारी. किशोरी आमोणकरांचा भूप, अमीर खाँसाहेबांचा मारवा, भीमसेन जोशींचा मियाँमल्हार हे सर्वांस सहज मिळणारे आहेत. नवशिक्यानें एका आठवड्यांत एकच राग, त्याच वेळीं, दोन गवयांकडून ऐकावा. पुढच्या आठवड्यांत देशकार सकाळीं आणि भूप रात्रीं ऐकून पाहावा. कान आपोआप बोलूं लागतो.

ऋतूंविषयीं आमच्या जिल्ह्याच्या माणसास वेगळें सांगावें लागतें. शिशिर संपतांना रानांत पळस पेटतो तेव्हां वसंत आणि बहार ऐकावे, आणि फाल्गुनांत काफींतल्या होऱ्या. वैशाखांत पारा पंचेचाळीस अंशांच्या पुढें जातो, रस्ते ओस पडतात, खिडक्यांवर वाळ्याचे पडदे किंवा कूलर घरघरत असतात. ही सारंगाची वेळ. सारंग गारवा देत नाहीं, पण दुपारच्या निश्चलपणाला अर्थ देतो. मग मृग येतो. मल्हाराच्या बहुतेक चिजांत पाऊस आलेला असतो आणि प्रियकर आलेला नसतो. आमच्याकडे पुष्कळदां पाऊसच आलेला नसतो. कोरडवाहू कपाशीच्या या मुलुखांत पेरणी करून आभाळाकडे पाहत बसणें म्हणजे काय, हें दिल्ली-ग्वाल्हेरच्या दरबारांत मल्हार बांधणाऱ्यांस ठाऊक नसेल. २००६ सालीं सरकारला शेतकऱ्यांच्या आत्महत्यांमुळें विदर्भाच्या ज्या सहा जिल्ह्यांकरितां मदतीची योजना जाहीर करावी लागली त्यांत वर्धाहि होता. अशा वेळीं मल्हार ही करमणूक राहत नाहीं. मियाँमल्हारांत दोन निषाद एकमेकांस घासून गंभीर घुमतात, तेव्हां त्यांत आनंद किती व भय किती हें सांगतां येत नाहीं. पावसाची वाट पाहणाऱ्यानेंच तो राग पुरता ऐकावा. कुमार गंधर्वांनीं ‘गीत वर्षा’, ‘गीत हेमंत’ आणि ‘गीत वसंत’ असे ऋतूंचे स्वतंत्र कार्यक्रम बांधले आणि त्यांत माळव्याच्या लोकगीतांस रागसंगीताच्या शेजारीं बसविलें. ऋतु हा पुस्तकी वर्गीकरणाचा विषय नसून जगण्याचा आहे, हेंच त्यांनीं दाखविलें.

आज खरें संकट कोणतें? अवेळीं राग ऐकला जातो हें नव्हे. दिवसाचे कांहीं भागच गाण्यांतून गळत चालले आहेत, हें आहे. रात्रभराच्या मैफली मागें पडल्या; ध्वनिप्रदूषणाविषयींचे २००० सालचे नियम लागू झाल्यावर उघड्या मांडवांतील ध्वनिक्षेपक रात्रीं दहाला बंद करावा लागतो, आणि कांहीं मोजक्या दिवशींच मध्यरात्रीपर्यंत सवलत मिळते. नियम रास्तच आहे. आजारी माणसाच्या झोंपेपुढें दरबारीचा हट्ट धरतां येत नाहीं. परंतु त्यामुळें सोहनी, परज यांसारख्या उत्तररात्रीच्या रागांस व्यासपीठ उरलें नाहीं. दुपारचें दुखणें त्याहून जुनें आहे. संध्याकाळीं सहाला सुरू होऊन दहाला संपणाऱ्या मैफलींत सारंग, भीमपलासी, मुलतानी यांस जागा कोठून मिळणार? जो राग मैफलींत गाइला जात नाहीं तो शिष्य मन लावून शिकत नाहीं, आणि जो शिकला जात नाहीं तो दोन पिढ्यांनीं पुस्तकांत जाऊन बसतो.

यावर उपाय मोठा खर्चाचा नाहीं. शहरांत पहाटेच्या मैफली होऊं लागल्या आहेत. त्यांनीं भैरव-तोडीला आधार दिला. तशीच एखादी मैफल दुपारीं तीनला करावी. वर्धा, हिंगणघाट, आर्वी, पुलगांव अशा गांवीं सभागृहें आहेत, गायन शिकविणारे आहेत, आणि रविवारीं दुपारीं घरीं असणारीं कुटुंबेंहि आहेत. वर्षांतून चार रविवार, चार ऋतूंचे, दुपारीं तीन ते सूर्यास्त. आरंभ सारंगानें, मध्यें भीमपलासी आणि मुलतानी, आणि बाहेर उजेड पिवळा पडूं लागला कीं मारवा. देवगिरीच्या हिशेबनिसानें आठशें वर्षांपूर्वीं रागांपुढें प्रहर मांडले, ते कोणीतरी त्या प्रहरीं गाईल व कोणीतरी ऐकावयास बसेल या भरंवशावर. गाणारे अद्यापि आहेत. दुपारीं तीनला सतरंजी घालण्याचें काम ऐकणाऱ्यांकडे आहे.